संजनाची संध्याकाळ

"हेका हात जोडले मी! ह्या बॅटरीक! चार म्हयने!"

गंगाबाईंनी तो दिवा सुनेच्या, संजनाच्या, पायाशी फेकला. प्लॅस्टिकची पणती, तिच्यावर मेणासारखी केशरी ज्योत, बुडाला बॅटरीचं झाकण. फुटली नाही. बल्कांवाच्या, दारापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या, पायऱ्यांवरून टकटक उड्या मारत अंगणात गेली आणि गोकुळदासच्या अनवाणी पायांपुढे जाऊन आडवी पडली.

गोकुळदासनं खाली बघितलं आणि पाय मागे घेतला. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरा पंचा. बापाला अग्नी देऊन त्याला चार दिवस झाले होते. अग्नी दिलेल्यानं दुसऱ्याच्या घरात शिरायचं नसतं, म्हणून तो अंगणातूनच भांडत होता.

"आई, तुमचे डोळे दाखवून घेऊया म्हणून मी किती वेळा सांगितलं," संजना म्हणाली. "मोतीबिंदू काढला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"डोळ्यांवर जाव नको! माझे डोळे गेले, तुझी लाज गेली."

"लाज जाण्यासारखं मी काय केलं ते एकदा नीट सांगा."

"बघ, लागली पुस्तकातला बोलूक," सोप्यावर बसलेला सुदेश म्हणाला. संजनाचा नवरा. बायको चिडली की छापील मराठीत बोलते, हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं, आणि तेव्हापासून ते त्याला शिवीसारखं लागायचं.

झालं होतं ते असं. गोकुळदासचा बाप सगुण म्हणजे गंगाबाईंचा चुलत दीर. घरं शेजारी, मध्ये एक दगडांचा गडगा. कूळ एक, म्हणून सुतकही एक. सगुण गेला, म्हणजे दोन्ही घरांचे देव दहा दिवस बंद. पूजा नाही, फूल नाही, तुळशीपुढे सांजवात नाही. सगुण बरेच दिवस अंथरुणावर होता. त्या दिवशी सकाळपासून श्वास लागला होता, त्यामुळे मुली, जावई, भाऊबंद आधीच जमले होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास तो गेला. अंधार पडायच्या आत नेऊया असं ठरलं. ताटी उचलली आणि गंगाबाईंच्या अंगणातून रस्त्याकडे निघाली, कारण वाट तिथूनच होती. ताटी तुळशीपाशी आली आणि तुळशीच्या कोनाड्यात टक् करून दिवा पेटला.

कोणी लावला नव्हता. आसपास कोणी नव्हतं. पुढचे दोघे थबकले, ताटी कलली. एक म्हातारी ओरडली, "सगुण परत आयलो!" बायकांनी पदर तोंडात कोंबले. मग सगुणच्या एका जावयानं वाकून दिवा उचलला, उलटा केला आणि बुडाचं झाकण उघडून सगळ्यांना दाखवलं. आत दोन बॅटऱ्या होत्या आणि एक बारीक बटण, ज्याच्यावर वेळ लावायची सोय होती. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी एकजण. ताटी खांद्यावर असताना.

ते हसणं गोकुळदासच्या कानातून जात नव्हतं.

"माझ्या बापायचो मान असो काडलंस तू," तो आता अंगणातून म्हणाला. "जल्मभर कोणाक वायट बोलूक नाय तो. आणि शेवटाक लोक हसले."

"मला काय माहीत ते त्याच वेळी निघतील? तो दिवा साडेसहाला रोजच लागतो."

"रोज!" गंगाबाई किंचाळल्या. "आयकलंस, सुदेशा? रोज लागता म्हणता!"

संजना डिचोलीची. बाजारात तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. निळा पडदा, एक गोल स्टूल, भिंतीला कंगवा बांधलेला आरसा. शाळेतून आली की ती वडिलांसोबत काळोख्या खोलीत उभी राहायची आणि पाण्यातल्या कागदावर माणसाचं तोंड हळूहळू वर येताना बघायची. मये गावच्या तळ्यावर वडील तिला पहाटे घेऊन जात, धुकं असेपर्यंत थांबायला शिकवत. "थांब" हा एकच धडा. पुष्कळांना कॅमेरा येतो, थांबता येत नाही, असं ते म्हणायचे. मग मोबाइल आले, पासपोर्टचे फोटो लोक कॉपीच्या दुकानात काढू लागले, स्टुडिओ बंद झाला आणि तिचं लग्न धारगळला झालं. सुदेश कारखान्यात. शेत थोडं, काजू थोडे. पुढची अठरा-वीस वर्षं तिनं चूल, गोठा, गणपतीची चवथ, मुलीचा अभ्यास ह्यांत घालवली. मुलगी सायली बांबोळीला नर्सिंगला गेली, वडील वारले, आणि वारताना त्यांनी कॅमेरा भावाला न देता हिला दिला. भावानं त्यावरून दोन वर्षं बोलणं टाकलं.

तिनं आधी वाड्यातली बारशी काढली, मग साखरपुडे. मग कोणीतरी विचारलं, लग्नाआधीचे काढाल का, समुद्रावर. हरमल-मोरजीला सगळेच जातात, पाठीमागे कुठल्यातरी शॅकची पाटी येते. ती केरीला गेली. तिथे खाडीच्या तोंडावर एक जुना धक्का आहे. जांभ्या दगडाच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या, होड्या बांधायच्या लोखंडी कड्या गंजून दगडालाच चिकटलेल्या, आणि पोर्तुगीज राजवटीतल्या जकातीच्या नाक्याच्या छप्पर नसलेल्या भिंती. पलीकडे तेरेखोलचा किल्ला. दिवसा बघितलं तर काहीच नाही, दगड आणि शेवाळ. सूर्य समुद्राला टेकायच्या आधी थोडा वेळ मात्र त्या भिंती आतून पेटल्यासारख्या होतात, आणि सूर्य गेल्यावर लगेच विझत नाहीत. तिथे तिला वडिलांचं ते "थांब" आठवलं असेल, नसेल. ती बोलत नसे त्याबद्दल. पण त्यानंतर तिला कामं येऊ लागली, आणि जो तो विचारायचा, ते जुन्या बंदरावरचे फोटो काढतात त्या बाई तुम्हीच का.

अडचण एकच होती. जी वेळ त्या उजेडाची तीच तिन्हीसांजेची. आणि ह्या घरात सांजवात सुनेनं लावायची.

"आई, मी नसते तेव्हा तुम्ही लावा ना," असं तिनं सुरुवातीला सांगून बघितलं होतं.

"माझ्या सासूनं एकदा माझ्या हातात वात दिली ती मरापर्यंत परत घेतली नाय," गंगाबाई म्हणाल्या होत्या. "पाय मोडलो तरी घेतली नाय. मी कित्या घेऊ?"

सुदेश कारखान्यातून साडेसातला यायचा. आला असता तरी लावला नसता.

म्हणून संजनानं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तो दिवा आणला. तुळशीच्या लग्नाला खऱ्या पणत्या लावल्या, सणावाराला लावल्या, आणि बाकी दिवस केरीला जाताना कोनाड्यात हा दिवा ठेवून गेली. गंगाबाई बल्कांवात बसायच्या, अंधुक केशरी ठिपका दिसला की हात जोडायच्या आणि आत जाऊन जप करायच्या. चार महिने घरात शांतता होती. संजनाला ती शांतता फसवणुकीची वाटली नाही. स्वस्तात पडली एवढंच वाटलं.

"चार म्हयने मी देवाक काय काय सांगितलंय तुका म्हायत आसा?" गंगाबाईंचा आवाज आता बसला होता. "सायलीचा, तुझा, माझ्या ह्या पायांचा. सगळा बॅटरीक सांगितलंय."

संजना आणखी चिडली.

"देवाला काय, त्याला कळलं असेल."

"तोंड सांबाळ!" सुदेश उठला. "म्हातारेवांगडा कशी बोलतंस?"

"थांब सुदेश," गोकुळदास अंगणातून म्हणाला. "दिव्याचा सोड. माका दुसरा विचारूचा आसा. हिका माझ्या बायलेन फोन केलो, काकीन केलो, तू केलंस. घेतलो कित्या नाय?"

"मी कामात होते."

"कामात."

"आणि भटजींना विचारा," संजना म्हणाली. "ऐकलं तेव्हापासून सुतक. मी साडेसहानंतर ऐकलं. त्याच्या आधी मी जे केलं त्याला सुतक लागत नाही."

हे तिनं चार दिवसांत पाचव्यांदा सांगितलं होतं, आणि नियम म्हणून ते बरोबर होतं. भटजीही तेच म्हणाले होते. त्यामुळेच सगळ्यांना त्याचा जास्त राग होता.

त्या संध्याकाळी लाटंबार्सेची ऋतिका आणि तिचा होणारा नवरा प्रज्योत धक्क्यावर आले होते. मोतिया रंगाची साडी, वारा, पाणी भरतीला आलेलं. सकाळी संजना सगुणकडे डोकावली होती. त्याला चमच्यानं पेज भरवायला बघितलं, ती ओठांच्या कोपऱ्यातून परत आली. ते बघून ती घरी आली आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. धक्क्यावर उजेड अजून पांढरा होता तेव्हा पिशवीत फोन थरथरला. काढून बघितला. 'आई.' पुन्हा थरथरला. 'सुदेश.' तिनं फोन पिशवीत खाली, लेन्सच्या डब्याखाली ठेवला, आणि कॅमेऱ्याची तिवई वाऱ्यानं हलू नये म्हणून पिशवी तिच्या मधल्या आकड्याला टांगली. मग फोनमुळे तिवईच बारीक बारीक थरथरू लागली. तिनं पिशवी काढून दगडावर ठेवली.

ऋतिकाची टिकली वाऱ्यानं उडाली. संजनानं आपल्या पर्समधली दुसरी काढून तिच्या कपाळावर लावली, अंगठ्यानं दाबली. मग उजेड आला. जकात नाक्याची भिंत तांबडी झाली, मग तांबड्याहून पुढची कुठलीतरी. फेरीबोट पलीकडे टेकली होती, पाणी रिकामं होतं. दोघांना तिनं पायऱ्यांच्या पार टोकाला पाठवलं, ती दोघं चिमणीएवढी दिसू लागली आणि सगळं बंदर त्यांच्याभोवती उभं राहिलं. तसा फोटो तिला त्याआधी कधी मिळाला नव्हता. सूर्य बुडाला, रंग राखाडी झाला. तिनं कॅमेरा बंद केला, टोपण लावलं, आणि मग फोन घेतला.

"आयक," गोकुळदास म्हणाला. "भटजींचा जांव दी. फोन वाजत होतो काय नव्हतो?"

"वाजत होता."

"तुका आयकूक येत होतो?"

"थरथरत होता. कळत होतं."

"आणि कोणाचो, कित्याक, ता कळत नव्हता?"

संजनानं साडीचा पदर कमरेला खोचला. सुदेश तिच्याकडे बघत होता. ती खोटं बोलेल अशी त्याला आशा होती, म्हणजे पुढं भांडता आलं असतं.

"कळत होतं," ती म्हणाली. "घेतला असता तर निघावं लागलं असतं. म्हणून नाही घेतला."



"बघ," गंगाबाई म्हणाल्या. जिंकल्याचा आवाज नव्हता तो. "मी म्हणत होतंय ना. ही जाणून बसली."

"आणि ते लाटंबार्सेला कळवलं कोणी?" संजना त्यांच्याकडे वळली. "मी कोणाचे फोटो काढत होते ते सगुणकाकांच्या मुलीला कोणी सांगितलं? ती ऋतिकाच्या वाड्यात राहते हे तुम्हाला माहीत होतं."

"मी सांगितलंय. माका विचारला, सून खंय म्हणून. खोटा बोलू? तुझ्यासारखा?"

तेवढ्यात मेजावरचा संजनाचा फोन वाजला. सुदेशनं बघितलं आणि उचलून संजनापुढे धरला. ऋतिकाच्या आईचा होता. दोन दिवस तिचे फोन येत होते, आणि दोन दिवस संजना 'ऐकलं तेव्हापासून' हेच सांगत होती. सुदेशनं तिच्या हातात न देता बटण दाबून आवाज मोठा केला.

"संजनाबाई, आमच्याकडे भट येऊन गेला," बाई म्हणाल्या. "तो म्हणतो, माहीत नसेल तर दोष नाही. मला फक्त एक सांगा. माझ्या मुलीच्या कपाळावर टिकली तुम्ही लावलीत?"

"हो."

"तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

अंगणात गोकुळदास पंचा आवळून उभा होता. सुदेशनं फोन थोडा पुढे सरकवला.

"ठाऊक होतं असं समजा," संजना म्हणाली.



"लग्न पंधरा दिवसांवर आहे हो," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज चढला. "लाज नाही वाटली? तुम्हाला पण मुलगी आहे ना? आम्हाला ते फोटो नकोत. एकसुद्धा नको. आणि तुमच्याकडे पण नकोत. पुसून टाका. माझ्या पोरीचं तोंड त्यात ठेवू नका."

"ती म्हणते ते?"

"ती रडते. ती काय म्हणते ते विचारू नका."

"पुसता, पुसता," सुदेश मध्येच फोनकडे तोंड करून म्हणाला. "मी तिचो घोव बोलतंय. आत्ताच्या आत्ता पुसता ती. आणि ह्याच्या फुडें असला काय जावचा नाय. ह्या संध्याकाळच्या कामांक ती जावची नाय. बंद. माझो शब्द."

"तुमच्या शब्दाचं आम्हाला काय करायचंय? पुसा म्हणजे झालं."

फोन ठेवला गेला.

"कोणी सांगितलं तुला माझा शब्द द्यायला?" संजना म्हणाली.

"तुझो नाय, माझो दिलो."

"बरा केलंस," गंगाबाई म्हणाल्या. "आता माका सांजवेळार घरात माणूस दिसतला."

"काकी, इतक्यान कसा भागता?" गोकुळदास म्हणाला. "फोटो पुसूक होये ना? आमच्याम्होऱ्यां पुसूंदी."

संजना आत गेली. कपाटातून कॅमेऱ्याची पिशवी काढली, बल्कांवात आणून खुर्चीवर ठेवली आणि उभ्यानंच कॅमेरा सुरू केला.  ती एकेक फोटो आणत होती आणि पुसत होती. ऋतिका हसताना. प्रज्योतचा हात. साडीचा पदर वाऱ्यावर. टिकलीशिवायचे, टिकलीचे. प्रत्येक वेळी कॅमेरा विचारायचा, नक्की का, आणि ती अंगठा दाबायची. सुदेश मागून डोकावून बघत होता, खात्री करत.

मग तो आला. तांबडी भिंत, रिकामं पाणी, पायऱ्यांच्या टोकाला दोन ठिपके. ती थांबली.

"ह्यात तोंडा दिसत नाय," सुदेश म्हणाला. त्यालाही तो फोटो दिसला होता.  "ठेव होयो तर. कोणाक कळता? पण बाकीचा मी बोललंय ता कायम."

"ठिपका असला तरी त्या बाईंचीच मुलगी आहे ती," संजना म्हणाली आणि अंगठा दाबला.

कार्ड काढून तिनं पुन्हा कॅमेऱ्यात घातलं, रिकामं आहे ते सुदेशला दाखवलं, अंगणाकडे वळवून गोकुळदासलाही दाखवलं. त्याला इतक्या लांबून काही दिसणं शक्य नव्हतं, पण त्यानं मान हलवली.

"झालं?" तिनं विचारलं.

"माझ्या बापायचा काय?" तो म्हणाला.

"तुझ्या बापाची मी गुन्हेगार आहे, गोकुळदास. त्यांना न्यायच्या वेळी मी इथं हवी होते, आणि मी मुद्दाम नव्हते. लोक हसले तेही माझ्यामुळे. दहाव्याला, बाराव्याला जे काम सांगशील ते करीन. स्वयंपाक, भांडी, काय असेल ते."

"तुझ्या हातचा आमका नको."

"नको तर नको."

तो थुंकायला वळला, भावकीच्या अंगणात आहोत हे आठवून थुंकी तशीच गिळली, आणि गडग्याच्या वाटेनं निघून गेला.

गंगाबाई हातानं भिंत चाचपत सोप्यावर बसल्या. आता बोलण्याचं संपलं असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी सुदेशला सांगितलं, सकाळचे पांव उरलेत, चहा ठेवूक सांग तिका. सुदेशनं ते जसंच्या तसं संजनाला सांगितलं, ती दोन हातांच्या अंतरावर उभी असताना.

संजनानं कॅमेरा पिशवीत घातला, चेन ओढली, आणि पिशवी आत न नेता खांद्याला लावली. सुदेशनं भुवया वर केल्या.

"आता खंय?"

"कुठं नाही. सुतक आहे, कुठं जाणार? ऐकून घ्या दोघंही, म्हणजे मला दोनदा सांगायला नको. बाराव्याचं जेवण दुपारी आटपेल. त्या दिवशी चार वाजता मी केरीला निघणार."

"मी बाईक शब्द दिलंय," सुदेश म्हणाला.

"तुझा दिलास. तू जाऊ नकोस."

"कोणाचा काम आसा तेदिशी?" गंगाबाईंनी विचारलं. "आता कोण बोलावतला तुका?"

"कोणी नाही. काम नसलं तरी जाणार. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, उजेड असेल त्या सगळ्या दिवशी. सांजवात मी लावणार नाही, खरीही नाही आणि खोटीही नाही. सुतक फिटल्यावर ती कोणी लावायची ते तुम्ही दोघांनी ठरवा. चहा मी माझ्यापुरता ठेवते."